पाच-नऊ-नऊ

१

स्पर्धेच्या दोन दिवसांत खरा रिपोर्ट द्यायचा नाही. समोरच्याचा सिग्नल देवळातल्या घंटेसारखा खणखणीत असो, की फुटक्या डब्यात वाळू हलवल्यासारखा खरखरता असो, त्याला कळवायचं एकच: पाच-नऊ-नऊ. त्यावर का, कशासाठी, असं विचारायचं नाही.

हा नियम दौलतरावांनी आपल्या लेकीला, शालनला, ती मोर्स शिकायला लागली त्या वर्षीच सांगून ठेवला होता. पहिला आकडा अक्षरं किती कळतात त्याचा, दुसरा जोराचा, तिसरा सुराचा. पाच-नऊ-नऊ म्हणजे याहून चांगलं काही असूच शकत नाही. एरवी वर्षभर हौशी रेडिओवाले एकमेकांना खरे आकडे कळवत. तुझा सूर हलतोय, तुझ्या सिग्नलला गुरगुर आहे, जरा बघ, असं जपानचा माणूस देहूरोडच्या माणसाला सांगे आणि तो रात्रभर बसून आपली पेटी दुरुस्त करी. पण नोव्हेंबरातली ही मोठी स्पर्धा आली की सगळं जग दोन दिवस नुसतं धावत सुटे. जास्तीत जास्त माणसं गाठायची, आकडे फेकायचे, पुढे जायचं. तोलूनमापून सांगायला सवड कुणाला?

"म्हणजे लग्नात जेवण कसंही झालं तरी छान झालं म्हणायचं, तसं," शालन म्हणाली होती.

"तसंच समज."

"आणि पोट बिघडलं तर?"

तेव्हा दौलतराव हसले होते. त्यांचे दोस्त मीरासाहेबही हसले होते. हे सगळं जोतीराम होता तेव्हाचं. आता असं काही शालन बोलली तर दोघंही भिंतीकडे बघत, आणि त्या बघण्याचाच तिला संताप येई. पुण्याच्या कॉलेजात ती फिजिक्स शिकत होती. तिथे एखादा आकडा चुकीचा लिहिला तर प्राध्यापक वही परत फेकत. आणि घरी दोन शहाणी माणसं जगभर खोटे आकडे वाटत बसायची, वर त्याला रीत म्हणायची.

जोतीराम तिचा थोरला भाऊ. तो जाऊन तीन वर्षं झाली होती. पिंपरीला कारखान्यात लागला, तिथेच गोजाबाईंच्या चाळीत खोली घेतली, आणि लष्कराने मोडीत काढलेल्या डिस्पोजलच्या मालातून स्वतःचा ट्रान्समीटर बांधला. पंचावन्न सालच्या स्पर्धेत, रविवारी दुपारी, त्याला त्याच पेटीचा करंट लागला. शालन तेव्हा पुण्याला होती. तिला एवढंच सांगण्यात आलं. करंट लागला, कुणाच्या हातात काही नव्हतं.

२

यंदा खुर्ची तिची होती. श्रावणात दौलतरावांच्या उजव्या हातातलं बळ गेलं. मोर्सच्या कीवर, दाबून धरलं तोवर सूर देणाऱ्या त्या दांडीवर, बोट ठेवलं की ते थरथरे आणि एका टिंबाची तीन टिंबं होत. लष्करात सिग्नलमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाला ते बघवत नव्हतं. त्यांनी स्वतःच खुर्ची पुढे सरकवली आणि आपण शेजारच्या स्टुलावर बसले.

खोली म्हणजे देहूरोडच्या घराचा पूर्वीचा शेळ्यांचा गोठा. वर पत्रा, खाली शेणाने सारवलेली जमीन, मधोमध टेबल आणि त्यावर करड्या रंगाच्या लष्करी पेट्या. एरियलची तार पत्र्याखालून बाहेर पडून कडुनिंबापर्यंत गेलेली. शालनच्या कानांवर चांगला हेडफोन होता. जुन्याची डोक्यावरची पट्टी तुटून दोन कान वेगळे झाले होते. त्यातला एक दौलतराव हाताने कानाला धरत, दुसरा मीरासाहेब. मीरासाहेबांचं चिंचवड स्टेशनजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. स्पर्धेच्या शनिवारी ते अंधारात सायकल मारत निगडीवरून यायचे आणि सोमवारी परत जायचे. गेल्या दहा वर्षांत हे चुकलेलं नव्हतं.

शनिवार चांगला गेला. शालनचा हात स्वच्छ होता. दुपारपर्यंत तिने शंभराच्या वर स्टेशनं गाठली, सगळ्यांना पाच-नऊ-नऊ दिलं, सगळ्यांकडून पाच-नऊ-नऊ घेतलं. मीरासाहेब म्हणाले की बापापेक्षा लेक फास्ट आहे. दौलतराव म्हणाले की बापाने घाई करून काय मिळवलं.

संध्याकाळी जरा शांतता होती. उद्या जपान किती वाजता ऐकू येईल याचा अंदाज घ्यावा म्हणून तिने मागच्या वर्षांच्या लॉगच्या वह्या काढल्या. दौलतरावांचं अक्षर मोत्यासारखं. वेळ, स्टेशनचं नाव, दिलेला रिपोर्ट, आलेला रिपोर्ट. दिलेल्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शाईने पाच-नऊ-नऊ. पण अगदी कडेला, शेऱ्याच्या जागी, बारीक पेन्सिलीने दुसरेच आकडे होते. पाच-सात-आठ. चार-पाच-नऊ. तिला समजायला क्षणभर लागला. हे खरे आकडे होते. तिचे वडील रीत म्हणून खोटं कळवत होते, आणि खरं आपल्यापुरतं टिपून ठेवत होते.

सत्तावन्न सालच्या वहीत, रविवारी तीन वाजून पन्नास मिनिटांच्या ओळीत, स्टेशनचं नावच नव्हतं. दिलेला रिपोर्ट पाच-नऊ-नऊ. आलेला, काही नाही. पेन्सिलीने: दोन-चार-एक. त्याखाली नुसत्या वेळा: तीन बावन्न ते तीन छप्पन्न.

छप्पन्न सालच्या वहीतही तीच वेळ, तीच कोरी जागा. पेन्सिलीने चार-सात-दोन. खाली पुन्हा तीन बावन्न ते तीन छप्पन्न.

पंचावन्नच्या वहीत मात्र नाव होतं. जोतीरामचं स्टेशन. दिलेला रिपोर्ट पाच-नऊ-नऊ, पेन्सिलीने पाच-नऊ-तीन. आणि त्याखाली दौलतरावांच्या घाईच्या अक्षरात एक ओळ: "३.५२ ते ३.५६ सलग सूर. कुणी मूर्ख की दाबून बसला आहे. डायलवरची जागा खराब केली."

शालनने वही वळवून मीरासाहेबांपुढे धरली आणि त्या कोऱ्या नावावर बोट ठेवलं.

"चाचा, हे कोण?"

मीरासाहेबांनी तिचं बोट हलकेच उचलून बाजूला केलं, जसं दुकानात गरम व्हॉल्व्हवरून गिऱ्हाइकाचं करत.

"ते स्टेशन तुझं नाही, बेटी. उद्या साडेतीनला तू जेवायला जा. तेवढा वेळ मी बसतो."

३

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला तिला ते पहिल्यांदा ऐकू आलं.

एका रशियन स्टेशनच्या खाली काहीतरी गुरगुरत होतं. तिने डायल थोडी फिरवली. रशियन गेला, गुरगुर राहिली. आणखी फिरवली. पार पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला नेली. तिथे एक ब्रह्मदेशचा माणूस हाका मारत होता आणि त्याच्या खालीही तेच होतं, जवळ गेल्यावर जास्त नाही, लांब गेल्यावर कमी नाही. ओल्या गोधडीच्या आतून कुणीतरी घसा खाकरावा तसा आवाज.

तिने डोकं शाबूत ठेवलं. सिग्नल असेल तर डायल फिरवल्यावर जायला हवा. जात नाही म्हणजे तो बाहेरचा नाही, रिसीव्हरच्या पोटातला आहे. तिने एरियलची तार उपसली. रशियन, ब्रह्मदेश, सगळं जग एकदम गप्प झालं. गुरगुर तशीच राहिली. तिला हायसं वाटलं. झालं, कंडेन्सर गेला. घरातल्या विजेचाच आवाज कानात येतोय. संध्याकाळी चाचा पाच मिनिटांत बदलून देतील.

मग ती गुरगुर तुटली. पुन्हा लागली. पुन्हा तुटली.

गेलेला कंडेन्सर सलग गुरगुरतो. तो टिंबं आणि रेघा काढत नाही.

ती ऐकत राहिली. आवाज इतका खराब होता की अक्षर हाती लागता लागता निसटत होतं. एक टिंब, तीन रेघा, त्यातली शेवटची उगाच लांबवलेली. इंग्रजी जे. ज्याला मोर्स येतो त्याला माणसाचा हात ओळखता येतो, चालीवरून घरचा माणूस ओळखावा तसा. शेवटची रेघ अशी लांबवणारा एकच हात शालनला माहीत होता. लहानपणी पितळी डब्यावर चमचा वाजवून त्यानेच तिला अक्षरं शिकवली होती, आणि ही रेघ तोकडी कर म्हणून आबा त्याच्या डोक्यात टपला मारत.

तिने हेडफोन काढला. खोलीत काहीच आवाज नव्हता. बाहेर लष्करी डेपोचा एक ट्रक रस्त्यावरून गेला आणि पत्रा थरथरला. पुन्हा हेडफोन लावला तेव्हा गुरगुर थांबली होती.

तार परत जोडताना दौलतराव आत आले. रिसीव्हरमध्ये गडबड आहे, असं तिने सांगितलं. काय गडबड, ते त्यांनी विचारलं नाही. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"अजून वेळ आहे," ते म्हणाले. आणि म्हणाल्यावर त्यांना कळलं की आपण काय बोललो.

त्यानंतरचे काही तास शालनचा हात आपोआप चालत राहिला. पाच-नऊ-नऊ, पाच-नऊ-नऊ. ती मनात दुसरंच जुळवत होती. दिवसकार्याला चाळवाल्या गोजाबाई आल्या होत्या. रडता रडता त्या आईला सांगत होत्या की खोलीतनं पेटीचा एक लांब आवाज येत होता, थांबतच नव्हता, म्हणून मी काठीनं मेनचा खटका पाडला, तर पोरगं तिथंच होतं, हात तसाच कीवर. तेव्हा तिला तो लांब आवाज पेटीच्या जळण्याचा वाटला होता. तो कीवर दाबून राहिलेल्या हाताचा होता.

तीन बावन्न ते तीन छप्पन्न. कुणी मूर्ख की दाबून बसला आहे.

४

साडेतीनला ती जेवायला गेली नाही. मीरासाहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले, खाकरले, पण ती उठली नाही. दौलतरावांनी नुसतं तिचं नाव घेतलं. तरी ती उठली नाही.

तेवढ्यात दुर्गाबाई आत आल्या. शालनची आई या खोलीत कधी येत नसे. इथे तिला तारांची भीती वाटे. आज तिने अंघोळ करून जरीकाठाचं लुगडं नेसलं होतं, कुंकू ठळक लावलं होतं. ती सरळ येऊन जमिनीवर भिंतीला टेकून बसली, आणि मीरासाहेबांनी आपल्या हातातला जुन्या हेडफोनचा कान तिच्या हातात दिला. तो कसा धरायचा हे तिला सांगावं लागलं नाही.

"आई, तू?"

"दरसाल येते मी. तू कालिजात असतीस." मग कान गच्च धरून ती हळू आवाजात म्हणाली, "यील आता. मला त्यातलं काय कळत न्हाई. आदी तुटक तुटक बोलतुया. मग तुजं आबा काय ते वाजवत्यात, आन् मग कसा लांब बोलतो, चार मिन्टं. थांबतच न्हाई. मला वाटतं, माजा आवाज कळतोय त्येला."

शालनने वडिलांकडे पाहिलं. दौलतराव कीकडे बघत होते. तिने मीरासाहेबांकडे पाहिलं. ते घड्याळाकडे बघत होते. या दोघांना तो लांब सूर काय आहे हे तीन वर्षं ठाऊक होतं, आणि त्यांनी तो या बाईला पोराचं बोलणं म्हणून ऐकवला होता. त्यांनी तसं सांगितलं नसेलही. तिने तसा समज करून घेतला आणि हे गप्प बसले.

तीन पन्नासला घड्याळाचा काटा सरकला, आणि इतर सगळी स्टेशनं कुणीतरी दार लोटून घ्यावं तशी मागे गेली.

सकाळी होता त्याहून आवाज वाईट होता. त्याला सूर म्हणवत नव्हतं. माती पडत असावी आणि त्या मातीच्या आतून कुणी ठोकत असावं. शालन डोळे मिटून एकेक अक्षर उचलत गेली. आधी त्याच्या स्टेशनचं नाव. मग घरच्या भाषेतले शब्द, इंग्रजी अक्षरांत मांडलेले, तो आणि ती गमतीत करत तसे.

सिग्नल कसा.

थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा, रेघ लांबवत.

सिग्नल कसा. पेटी झोंबते आहे. सिग्नल कसा.

वहीत हे नव्हतं. पेन्सिलीनेसुद्धा नव्हतं. तिने हेडफोनचा एक कान मागे सरकवला आणि विचारलं, "पंचावन्न सालीही त्याने हेच विचारलं होतं?"

दौलतरावांनी अधू हात दुसऱ्या हाताने दाबून धरला.

"घाईत होतो. मागं दहा स्टेशनं थांबली होती," ते म्हणाले. "पाच-नऊ-नऊ दिलं आणि पुढं गेलो."

"मीपण शेजारीच होतो, अडवलं नाही," मीरासाहेब मागून म्हणाले. "आमच्या अगोदर कलकत्त्याच्या स्टेशननं दिलं. सगळ्यांनीच दिलं, बेटी."

पंचावन्नच्या वहीत सुराचा आकडा तीन होता. तीन म्हणजे कुठेतरी घरची वीज पेटीत उतरली आहे, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही सांगता आलं असतं. एका माणसाने खरं कळवलं असतं तर जोतीरामने खटका पाडला असता आणि पेटी उघडून बसला असता. तो तसाच होता. कामात काही खोट आहे म्हटलं की त्याला जेवण जात नसे. त्याने विचारलं, आणि सगळ्या जगाने त्याला उत्तम आहे म्हणून सांगितलं. बापाने सुद्धा. मग त्याने पुन्हा कीवर हात ठेवला.

कानात पुन्हा ठोकणं सुरू झालं होतं. सिग्नल कसा.

"दे त्याला," दौलतराव म्हणाले. "पाच-नऊ-नऊ दे. वेळ जातोय."

५

"नाही देणार," शालन म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नव्हती. दुर्गाबाईंनी मान वर करून पाहिलं तेवढंच.

दौलतराव समजावू लागले. त्यांना समजावता येत नव्हतं, त्यांना हुकूम द्यायची सवय होती. एका वर्षी त्यांनी काहीच न कळवता बसून पाहावं असं ठरवलं होतं, पण तो विचारतच राहिला, आणि दुर्गाबाई म्हणाल्या, अवो, लेकराला काहीतरी बोला, तेव्हा त्यांच्याने राहवलं नाही. खरं कळवलं तर त्याला सगळंच कळेल, मग तो परत कशाला येईल. तीनशे चौसष्ट दिवस ही बाई या चार मिनिटांवर काढते. आम्ही दोघं असेपर्यंत चालू दे, मग तुला काय करायचं ते कर. मीरासाहेबही म्हणाले की थोड्या वर्षांची तर गोष्ट आहे, मोठ्यांनी काही विचार करूनच ठरवलंय.

शालनने ऐकून घेतलं. रागाने तिच्या कानशिलांत ठोके पडत होते, आणि त्या रागाखाली रडू होतं, आणि दोन्हींच्या खालून तो ठोकतच होता.

"आबा, तो तुम्हाला भेटायला येत नाही," ती म्हणाली. "तो विचारायला येतो. दर वर्षी विचारतो, दर वर्षी तुम्ही त्याला छान आहे म्हणून सांगता, आणि दर वर्षी तो पुन्हा हात लावतो. पेन्सिलीने काय लिहिलंत ते बघा. तीन, दोन, एक. एकच्या खाली आकडा नाही."

घड्याळात तीन एक्कावन्न झाले होते.

तिने कीवर बोटं ठेवली. दौलतरावांनी आपला थरथरता हात पुढे केला आणि तिच्या मनगटावर ठेवला. त्यात जोर नव्हता. तिने तो झटकला नाही. तो तसाच मनगटावर असताना तिने वाजवायला सुरुवात केली, अगदी सावकाश, डब्यावर चमच्याने वाजवत तसं. एक-दोन-एक. सूर फार खराब. पेटीत वीज उतरली आहे. दादा, खटका पाड. हात लावू नको. हात लावू नको.

मग तिने की सोडली.

गुरगुर चालू होती. त्यात अक्षरं नव्हती. कुणीतरी ऐकून थबकावं आणि त्याचा नुसता श्वास ऐकू यावा, तसं. सेकंदाचा काटा वर चढत होता. तीन बावन्न झाले. दुर्गाबाईंनी डोळे मिटून कान आणखी घट्ट धरला, कारण आता तो लांब बोलणार होता.

खट्.

एवढाच आवाज झाला. बारीक, कोरडा. गुरगुर गेली. तिच्या जागी निव्वळ शांतता आली, इतकी निर्मळ की शालनला तिच्या स्वतःच्या रक्ताचा आवाज ऐकू आला. मग, फार लांबून की फार जवळून ते तिला कधीच ठरवता आलं नाही, दोन टिंबं पडली. स्वच्छ, खणखणीत, घंटेसारखी. बोलणं संपलं की सगळेच हौशी तशी दोन टिंबं टाकतात. ती कुणाचीही असू शकतील. एखाद्या जपान्याची. तिने पेन उचललं आणि कोऱ्या जागेत जोतीरामच्या स्टेशनचं नाव शाईने लिहिलं. दिलेल्या रिपोर्टच्या रकान्यात लिहिलं, एक-दोन-एक. पेन्सिलीच्या जागी काय लिहावं ते तिला सुचेना. ती जागा तिने तशीच ठेवली.

दार उघडावं तशी बाकीची स्टेशनं पुन्हा जवळ आली.

तीन त्रेपन्न. तीन चोपन्न. दुर्गाबाई वाट बघत होत्या. तीन छप्पन्न झाले तेव्हा त्यांनी कान हातात घेऊन उलटसुलट पाहिला, फुंकर मारली आणि पुन्हा लावला.

"अवो," त्या म्हणाल्या, "आज लांब बोलला न्हाई त्यो."

दौलतरावांनी अजून शालनचं मनगट सोडलं नव्हतं.

"अवो, इचारते मी. लांब का न्हाई बोलला?"

मीरासाहेबांनी तोंड उघडलं. हवामान बिघडलंय, वहिनी, असलं काहीतरी त्यांच्या ओठांवर आलं असावं. शालनने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी तोंड मिटलं.

"चाचा, आता नाही," ती म्हणाली. "आणि मीही सांगणार नाही. आई, तो लांब सूर काय होता, ते आबांना विचार."

दुर्गाबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. दौलतराव जमिनीकडे बघत होते आणि मीरासाहेब दाराकडे. हेडफोनमध्ये कुणीतरी दूरच्या देशातून देहूरोडच्या स्टेशनला हाका मारत होता, पुन्हा पुन्हा, नाव घेऊन.